तीस हजारांत होम स्टुडिओ : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

आधीची तयारी

ज्यांना घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ थाटायचा आहे, ज्यांचा पगार वेळेवर होतो आणि ज्यांच्या घरातली एक खोली आजवर पाहुण्यांसाठी राखलेली आहे, अशा सर्वांसाठी ही मार्गदर्शिका आहे. संगीत येत असेल तर उत्तमच. येत नसेल तरी काही अडत नाही. तो विषय पुढे बराच उशिरा निघतो.

साहित्य : एक वही आणि एक पेन. वहीच्या पहिल्या पानावर वर 'श्री' काढा आणि खाली लिहा, 'बजेट : ३०,००० रुपये'. हा आकडा बाजारभाव बघून काढलेला नाही, तो घरच्यांचे चेहरे बघून काढलेला आहे. वीस म्हटलं तर 'त्यात काय चांगलं येणार?' असं होतं, चाळीस म्हटलं की घरातल्या फ्रिजचा दरवाजा नीट लागत नसल्याची आठवण करून दिली जाते. तीसवर सहसा कोणी बोलत नाही. रात्री सगळे जेवायला बसल्यावर, आमटी वाढून झाली की हा आकडा जाहीर करावा. तो स्वतःलाही नीट पाठ होऊ द्या, कारण पुढे काहीही झालं तरी घरात हाच चालवायचा आहे.

आता दोन रकाने आखा. एक 'आणायचं', दुसरा 'आहेच'. 'आहेच'मध्ये लॅपटॉप, वीज आणि खोली एवढ्या तीन गोष्टी लिहा. त्यांच्यापुढे शून्य रुपये मांडा, पण पेन्सिलीने.

लाल डबी आणि मुका कीबोर्ड

सुरुवात ऑडिओ इंटरफेसपासून करायची असते. ही जाडजूड पुस्तकाएवढी डबी. एका बाजूने ती यूएसबीने लॅपटॉपला जोडली जाते, दुसऱ्या बाजूने हेडफोन, स्पीकर, माइक तिला जोडले जातात. ती घेण्याचं शास्त्रीय कारण असं : विंडोजच्या साध्या साउंड ड्रायव्हरवर कळ दाबल्यापासून आवाज कानी पडेपर्यंत इतका वेळ जातो की ताल धरून वाजवता येत नाही. इंटरफेसच्या स्वतःच्या ड्रायव्हरने हे अंतर आटोक्यात येतं. सेकंदाला ४४,१०० नमुने, त्यांतले २५६ एका खेपेला पुढे ढकलायचे, म्हणजे खेपेमागे ५.८ मिलिसेकंद. एवढं सरावलेल्या हातालाही खपतं.

आता, एएसआयओ-फॉर-ऑल नावाचा एक ड्रायव्हर फुकट मिळतो, आणि ज्याला गाणं किंवा गिटार रेकॉर्ड करायची नाही त्याचं सुरुवातीचं काम त्यावर निभावून जातं. हे वाक्य एकदा वाचा आणि सोडून द्या. फोकसराइट कंपनीची 'स्कार्लेट' ही लाल डबी होम स्टुडिओच्या निम्म्या फोटोंत असते; ती आपल्या फोटोतही हवी. एका माइकची तेरा-चौदा हजारांपर्यंत येते, दोन माइकची सतरा-अठरा. तुमच्याकडे माइक एकही नाही. दोनवाली घ्या. वहीत मांडा : १७,०००.

मग पंचवीस कळांचा मिडी कीबोर्ड. हा आणल्याच्या संध्याकाळी घरात एक प्रसंग घडतो, त्याची तयारी ठेवा. वडील चष्मा लावून खोलीत येतात, कीबोर्डवरून हात फिरवतात, बोटाने एक कळ दाबतात. मग जरा जोरात दाबतात.

"आवाज नाही येत."

"त्यात आवाज नसतो, बाबा."

"बिघडलाय?"

"नाही. तो फक्त सांगतो, कुठली कळ दाबली आणि किती जोरात दाबली. आकडे पाठवतो. शून्य ते एकशे सत्तावीस."

"आणि आवाज?"

"तो लॅपटॉपमध्ये तयार होतो."

"मग लॅपटॉप होताच की आपल्याकडे," वडील म्हणतात, आणि माळ्यावरच्या आजोबांच्या पेटीकडे एक नजर टाकून बाहेर जातात.

त्यांच्या मागे जाऊन इतिहास सांगण्यात अर्थ नसतो, पण तो इतिहास चांगला आहे. १९८०च्या आसपास प्रत्येक कंपनीचं वाद्य आपापल्या भाषेत बोलायचं; एकाचं दुसऱ्याला जोडता येत नसे. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला, एरवी एकमेकींच्या उरावर बसणाऱ्या कंपन्या एका टेबलाशी आल्या आणि १९८३मध्ये मिडी हा सगळ्यांचा सामाईक करार झाला. त्यासाठी कोणी कोणाकडून स्वामित्वधन घेतलं नाही. या धंद्यात फुकट मिळालेली आणि चाळीस वर्षं टिकलेली ही जवळपास एकमेव गोष्ट, आणि ती ज्या पेटीतून येते तिची किंमत साडेनऊ हजार.

हेडफोन बंद कपांचे घ्या, म्हणजे आवाज बाहेर सांडत नाही. बरे हेडफोन पाच-सहा हजारांत मिळतात. ५,५०० लिहा आणि बेरीज करा : ३२,०००. बजेटच्या वर दोनच हजार. आपण किती शिस्तीने चाललो आहोत याचं इथे समाधान वाटतं. ते मनसोक्त वाटू द्या.

सॉफ्टवेअर

इंटरफेसच्या खोक्यात एबलटन लाइव्हची एक धाकटी आवृत्ती फुकट मिळते. मॅक असेल तर गॅरेजबँड आधीच बसवलेलं असतं. रीपर नावाचं सॉफ्टवेअर साठ दिवस वापरून बघता येतं आणि नंतर साठ डॉलरला मिळतं. त्यावर लोकांनी अख्खे अल्बम केले आहेत. यातल्या कुठल्याही एकावर तुमचं पहिलं गाणं आरामात होईल. पण धाकट्या आवृत्तीत ट्रॅकची संख्या मर्यादित असते, आणि ज्याच्या डोक्यात अजून दोनच ट्रॅकचं गाणं आहे त्याला ही मर्यादा फार लागते.

तेव्हा मोठी आवृत्ती. एबलटनची सगळ्यांत मोठी ७४९ डॉलरची, म्हणजे साठ हजारांच्या वर; तिच्याकडे नुसतं बघून घ्यावं. आपल्याकडे बहुतेकांची गाडी एफएल स्टुडिओवर येऊन थांबते. १९९७मध्ये बेल्जियममध्ये 'फ्रूटीलूप्स' या नावाने जन्मलेलं हे सॉफ्टवेअर. एकदा विकत घेतलं की पुढच्या सगळ्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट, आणि वापरायला इतकं सोपं की चौकोन भरत गेलं की ठेका तयार होतो. वहीत : १७,०००. एकूण ४९,०००. 'फुल व्हर्जन' म्हणून पेन ड्राइव्हवर जे फिरतं ते लॅपटॉपला लावू नका. त्यातून संगीताआधी दुसरंच काहीतरी सुरू होतं.

इथे थोडं थांबून तालुक्याच्या गावातल्या एका मुलाकडे बघणं भाग आहे. प्रत्येक तालुक्याला असा एक तरी असतो. त्याच्याकडे याच सॉफ्टवेअरची कुठली तरी आवृत्ती आहे, कीबोर्ड नाही, माउस आहे. लॅपटॉप मोठ्या भावाचा, स्पीकर कॉम्प्युटरबरोबर आले होते ते. दुपारी बाराला फोन येतो की संध्याकाळी हळद आहे आणि नवरदेवाचं नाव गाण्यात आलं पाहिजे. तो हलगीचा एक तुकडा घेतो, संबळाचा एक घेतो, खाली किक टाकतो, नवरदेवाचं नाव मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यावर एको चढवतो आणि पाचच्या आत डीजेवाल्याच्या व्हॉट्सॲपवर गाणं पाठवून देतो. रात्री त्याच्यावर तीनशे माणसं नाचतात. मिक्स अर्थातच फाटलेलं असतं. पण त्याची गाणी पूर्ण होतात, कारण हळद पुढे ढकलता येत नाही.

आपण त्याच्या मार्गाने जाणार नाही आहोत. आपल्याला दर्जा हवा आहे.

स्पीकर आणि त्यांचा गोतावळा

हेडफोनवर खरं मिक्स होत नाही, असं सगळे सांगतात. ते खोटं नाही : हेडफोनमध्ये डाव्या कानाला फक्त डावा आवाज मिळतो, उजव्याला फक्त उजवा, आणि खालचे सूर छातीवर जाणवत नाहीत. म्हणून 'स्टुडिओ मॉनिटर' नावाचे स्पीकर घ्यायचे. यामाहाचे एचएस५, पांढऱ्या कोनाचे, घरातल्यांना पटवायला सोपे. कारण गायिका बिली आयलिश आणि तिचा भाऊ फिनिअस यांनी २०१९चा आपला अल्बम लॉस एंजेलिसमध्ये आईवडिलांच्या घरातल्या झोपायच्या खोलीत अशाच स्पीकरवर केला, आणि पुढच्या वर्षी ग्रॅमीत तो वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरला. ही गोष्ट घरी सांगताना 'आईवडिलांच्या घरात' यावर जोर द्यावा.

दुकानात किंवा साइटवर किंमत बघाल तेव्हा ती बरी वाटेल. ती एका नगाची असते. स्पीकर दोन लागतात. ३८,००० मांडा, एकूण ८७,०००.

खोक्यात स्पीकर असतो आणि विजेची वायर असते. इंटरफेसपासून स्पीकरपर्यंतची केबल नसते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण बनवणाऱ्याने पाव इंची टीआरएस ते एक्सएलआर केबलचा भाव बघितला नव्हता, पण त्याला अंदाज आला होता. ही केबल साध्या ऑडिओ वायरपेक्षा वेगळी असते आणि त्याला खरंच कारण आहे. हिच्यात एकच सिग्नल दोन तारांवरून जातो, एकीवर सुलटा आणि दुसरीवर उलटा. वाटेत पंख्याचा, चार्जरचा, ट्यूबलाइटच्या चोकचा जो गोंगाट तारांत घुसतो, तो दोन्हींवर सारखाच बसतो. पलीकडे पोचल्यावर उलटा सिग्नल सुलटा करून दोन्ही एकत्र केले की सिग्नल दुप्पट होतो आणि गोंगाट स्वतःलाच खोडून टाकतो. अख्ख्या स्टुडिओत इतकं चोख डोकं लढवलेली वस्तू दुसरी नाही, आणि नेमकी तीच घेताना आपण 'स्वस्तातली दाखवा' म्हणतो.

मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला, पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत जा. मीटरने वायर घ्या, कनेक्टर वेगळे घ्या, आणि डाख देऊन देणारा माणूस शोधा. तो केबल जोडून झाल्यावर मल्टिमीटरची दोन टोकं लावून 'पीं' असा आवाज काढून दाखवतो. लांबी मोजून न्या, आणि मोजाल त्यापेक्षा हातभर जास्त घ्या, कारण टेबल हलणार आहे.

मग स्टँड, कारण स्पीकरचा उंच सुरांचा भाग कानाच्या रेषेत यावा लागतो आणि तुमच्या टेबलावर तो पोटाशी येतो. मग स्पीकरखाली फोमच्या गाद्या, नाहीतर टेबलच वाजतं. सगळे मिळून ८,७००. एकूण ९५,७००. अजून लाखाच्या आतच आहोत, ही बाब नोंदवण्यासारखी आहे.

वीज

स्पीकर लावलेत, बटण दाबलंत, गाणं सुरू करायच्या आधीच एक आवाज येतो : हूंऽऽऽ. मन लावून ऐकलात तर तो जवळपास मंद्र सप्तकातल्या कुठल्याशा स्वरावर असतो. ती आपली वीज आहे. भारतात तिची कंपनसंख्या ५० हर्ट्झ, त्यामुळे हा आवाज ५० आणि १०० हर्ट्झवर गुणगुणतो. लॅपटॉपचा चार्जर काढला की गप्प होतो, लावला की पुन्हा सुरू. लॅपटॉप एका प्लगवर, स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या प्लगवर, दोघांचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने जातं आणि मधल्या केबलमधून त्यांची गाठ पडते, असं बहुधा निघतं. सगळं एकाच बोर्डावर आणलं की पुष्कळदा काम होतं.

नाही झालं तर इलेक्ट्रिशियन. तो सॉकेट उघडतो, आत टॉर्च मारतो, आणि जुन्या इमारतींमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य बोलतो : "साहेब, अर्थिंगची वायर आहे. जोडलेली नाहीये." इतकी वर्षं फ्रिज, गीझर आणि आपण स्वतः कशाच्या भरवशावर होतो हा विचार त्या क्षणी मनात येतो. स्टुडिओवर केलेल्या सगळ्या खर्चात घरातल्या प्रत्येकाच्या उपयोगाचा खर्च एवढाच, आणि कौतुक नेमकं याचंच होत नाही. तीन हजार पाचशे अर्थिंगचे, साडेसहा हजार यूपीएसचे, कारण अर्धं झालेलं गाणं सेव्ह न करता वीज गेली की काय होतं ते एकदाच बघवतं. 'वीज' ही नोंद 'आहेच'मधून खोडा. एकूण १,०५,७००.

खोली

आता सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत कमी बोलल्या जाणाऱ्या वस्तूकडे येऊ.

तुमची खोली दहा बाय बाराची आहे असं धरू. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. या लांबीत ४७ हर्ट्झच्या लाटेचा अर्धा भाग बरोब्बर बसतो, आणि जी लाट अशी बसते ती दोन भिंतींमध्ये उभी राहते, जायचं नाव घेत नाही. दहा फुटांच्या दिशेने हेच ५६ हर्ट्झवर होतं. छत साडेनऊ फुटांवर असेल तर ५९वर. म्हणजे ४५ ते ६० या टप्प्यात तुमच्या खोलीने तीन ठाणी मांडलेली आहेत. आणि इलेक्ट्रॉनिक संगीताचा जो प्राण, तो किक ड्रम, विशेषतः रोलँडच्या टीआर-८०८ यंत्राचा तो लांब घुमणारा, मुख्यतः राहतो कुठे? ५० हर्ट्झच्या आसपास.

परिणाम प्रत्यक्ष करून बघण्यासारखा आहे. किक चालू ठेवा आणि खोलीत फिरा. भिंतीला पाठ टेकलीत तर छातीत दणका बसेल. बरोबर मध्यावर आलात की किक गायब. तुम्ही टेबल साहजिकच मध्यावर मांडलंय. तिथे बसून 'किक कमी वाटतोय' म्हणून तुम्ही तो वाढवता, वाढवता, आणि तेच गाणं मित्राच्या गाडीत लावल्यावर त्याच्या डिकीचं झाकण थरथरतं. शिवाय एचएस५सारखा पाच इंची स्पीकर ५४ हर्ट्झच्या खाली जवळपास हात टेकतो, तेव्हा जे काही तुम्ही ऐकत होता त्यात स्पीकरचा वाटा किती आणि भिंतींचा किती, हा वेगळाच हिशेब.

फुकटचा उपाय आहे : लांबीच्या दिशेने बघत बसायचं आणि समोरच्या भिंतीपासून लांबीच्या अडतीस टक्क्यांवर खुर्ची ठेवायची, म्हणजे बारा फुटांत साडेचार फुटांवर. हा ठोकताळा आहे, पण सुरुवातीला बरा. अडचण अशी की नेमकं तिथे कपाटाचं दार उघडतं.

म्हणून नवशिक्या काळा फोम आणतो. टोकाटोकाचा, चौकोनी, दुहेरी चिकटपट्टीने भिंतीवर बसणारा. खोली लगेच स्टुडिओसारखी दिसायला लागते, टाळी वाजवली तर घुमत नाही. त्यापलीकडे तो जे करेल अशी अपेक्षा असते, त्यातलं तो काही करत नाही. दोन इंची फोम वरचे सूर शोषतो. ५० हर्ट्झची लाट ६.८६ मीटर लांब आहे, ती त्याला ओळखतसुद्धा नाही. ढोबळ हिशेबाने तिला शोषायला लाटेच्या एक चतुर्थांश, म्हणजे साडेपाच फूट जाडीचं काहीतरी लागेल. समोरासमोरच्या दोन भिंतींना तेवढं लावलंत, तर दहा फुटी खोलीत उणे एक फूट जागा उरते. अंड्याच्या ट्रेंबद्दल विचारू नका. ते फोमपेक्षाही कमी करतात आणि झुरळं आणतात.

फोमने बाहेर जाणारा आवाज थांबत नाही, हेही याच टप्प्यावर कळतं. आवाज अडवायला वजन लागतं, वीट लागते, दुहेरी दार लागतं. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन "तुमच्याकडे काही ठोकताय का?" असं विचारतात तेव्हा त्यांना तुमच्या गाण्यातला फक्त तेवढाच भाग ऐकू आलेला असतो, जो तुम्हाला खुर्चीत बसून ऐकू येत नाही. कायद्याच्या बाजूने बघितलं तर निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. मिक्सिंग साधारण ७५-८०वर करतात. म्हणजे ऑफिसातून येऊन, जेवून, तुम्ही खुर्चीत बसता तेव्हा ३८ हजारांचे स्पीकर बंद ठेवून साडेपाच हजारांचे हेडफोन घालायचे असतात.

खरं काम करणारी वस्तू म्हणजे रॉकवूल. घनमीटरला ४८ किलो घनतेचे चार इंची जाड तक्ते, सुताराकडून लाकडी चौकट, वरून हवा खेळेल असं सुती कापड. कापडासाठी आईच्या जुन्या सुती साड्या उत्तम. मागून घ्या, परस्पर घेऊ नका. चारही कोपऱ्यांत तिरपे उभे केले की ४७ हर्ट्झ पूर्ण जात नाही, पण निदान सभ्यपणे वागू लागतो. काम करताना हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधा, रॉकवूल दोन दिवस खाजतं. आणि पाहुण्यांची गादी बाहेर काढू नका. पलंगावरची जाड कापसाची गादी आणि भिंतीला टेकवलेल्या गोधड्यांची चळत हे या खोलीतलं सगळ्यांत मोठं ध्वनिशोषक सामान आहे, आणि ते तुमच्या आधीपासून तिथे आहे. फोमचे सहा, रॉकवूलचे बारा, मिळून १८,०००. 'खोली' खोडा. एकूण १,२३,७००.

यंत्र

इथवर सगळं लॅपटॉपमध्येच चाललं होतं. आता हाताने फिरवायच्या बटणांचं एखादं खरं यंत्र हवं, ही भावना बळावते. नालेसाठी घोडा म्हणतात तो हाच. फरक इतकाच की घोडा एकदा घेतला की त्याला वेगळा अडॅप्टर लागतो.

पण यंत्रांच्या इतिहासात एक गोष्ट अशी आहे की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. रोलँडने १९८१मध्ये टीबी-३०३ नावाचं चंदेरी रंगाचं छोटं यंत्र आणलं. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बासची साथ मिळावी, हा हेतू. त्याचा आवाज खऱ्या बासच्या जवळपासही जात नव्हता आणि स्वर भरायची पद्धत म्हणजे डोक्याला ताप. १९८४पर्यंत ते बंद झालं आणि जुन्या बाजारात कवडीमोलाने गेलं. तिथून ते उचललं ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी. शिकागोच्या फ्यूचर या मंडळींनी १९८७च्या 'ॲसिड ट्रॅक्स'मध्ये त्याची बटणं चालू गाण्यात पिरगाळली आणि ॲसिड हाउस नावाचा प्रकार गाजला. आज मूळ यंत्र लाखांत जातं.

आणि 'ॲसिड ट्रॅक्स'च्या पाच वर्षं आधी, १९८२मध्ये, मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी हेच टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन दहा रागांची एक रेकॉर्ड केली. भूपाली, ललत, तोडी, यमन, मालकंस, खाली डिस्कोचा ठेका. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. ती फारशी कोणी घेतली नाही. २०१०मध्ये नेदरलँड्समधल्या एका छोट्या कंपनीने ती पुन्हा काढली, तेव्हा जगाने डोळे चोळले : हे तर ॲसिड हाउस! अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत तर १९६९मध्येच डेव्हिड ट्युडर या अमेरिकन संगीतकाराने मूगचा भलाथोरला सिंथेसायझर बसवून स्टुडिओ सुरू करून दिला होता. तेव्हा 'हे आपल्याकडचं नाही' असं कोणी म्हणालं तर ही दोन उदाहरणं खिशात ठेवा. मात्र त्यातून आपल्यालाही यंत्र घ्यायला हवं असं निघत नाही. चरणजित सिंग यांना यमन येत होता.

तरीही घ्या. मूळ यंत्राच्या नकला आता मिळतात आणि त्या मूळ किमतीच्या पासंगालाही पुरत नाहीत. १५,०००. एकूण १,३८,७००. मॉड्युलर सिंथेसायझरकडे, म्हणजे एकेक पट्टी सुटी घेऊन चौकटीत बसवायच्या प्रकाराकडे, बघूही नका. त्या चौकटीत रिकामी जागा दिसते, आणि ती ज्याला दिसली त्याच्या घरात पुन्हा वहीच उघडत नाहीत.

किरकोळ

लॅपटॉपची आठ जीबी रॅम पुरत नाही. रॅम आणि बाहेरची एसएसडी, ९,३००. 'आहेच'चा रकाना इथे संपला, एकूण १,४८,०००. नोव्हेंबरमध्ये प्लगइनचा, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये बसवायच्या जास्तीच्या वाद्यांचा, सेल लागतो. व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे दोन सिंथेसायझर फुकट मिळतात आणि अनेक विकतच्यांना भारी पडतात. ते आधीच उतरवलेले असले तरी सेलमधून सहा हजारांचं काहीतरी घेतलं जातंच. १,५४,०००. माइक घेऊ नका. घेतलात तर गावं लागेल.

प्रकाशन

संगीताचा विषय निघेल असं सुरुवातीला म्हटलं होतं. तर गाणं करा. सगळी यंत्रं मांडून झाल्यावर आठ मात्रांचा एक तुकडा होतो, तो फार छान वाजतो आणि रात्री बारापर्यंत गोल फिरत राहतो. तालुक्याच्या गावातल्या मुलाचा फोन नंबर मिळाला तर त्याला विचारा की पुढे काय करायचं. तो म्हणेल, "दादा, कुणाची हळद आहे?"

कसंबसं एक गाणं पुरं झालं की वितरकामार्फत ते सगळीकडे चढवा. वर्षाची फी दोन हजार धरा. एकूण १,५६,०००. आवाज फार फुगवून पाठवू नका. स्पॉटिफाय आपल्या बाजूने तो उणे १४ एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या जोराचं माप) आसपास आणून ठेवतं, म्हणजे तुम्ही ठासून भरलेला दणका तिथे नुसता सपाट ऐकू येतो. आणि तिथला एक नियम डोक्यात असू द्या : २०२४पासून, एखादं गाणं बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याच्या मानधनाचा हिशेबच धरला जात नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साठ माणसं असतील तर प्रत्येकाने सतरा वेळा ऐकलं की झालं. मामा ऐकतो म्हणतो, पण तो यूट्यूबवर ऐकतो.

विक्री

कधी ना कधी पाहुणे येतात. रॉकवूलच्या चौकटी गॅलरीत जातात, कीबोर्ड पलंगाखाली जातो आणि तिथेच राहतो. अशा वेळी मोबाइलवर जाहिरात टाकायची असते. मजकूर पुढीलप्रमाणे ठेवावा : 'संपूर्ण होम स्टुडिओ सेट. एकहाती वापर. नव्यासारखा. बिल, खोकी, थर्माकोल सगळं जपून ठेवलेलं. विकण्याचं कारण : जागेची अडचण.' यातला शब्दन् शब्द खरा आहे. फोटो दिवसा उजेडात काढा. लाल डबी पुढे, कपाट फोटोत येऊ देऊ नका. निम्मी किंमत मागा, चाळीस टक्के येतील. केबल वेगळ्या विकायच्या भानगडीत पडू नका, त्यांना कोणी भाव देत नाही. अर्थिंग विकता येत नाही.

घ्यायला एक पोरगेला माणूस येईल, मित्राला घेऊन. स्पीकरच्या कोनावरून बोट फिरवेल, ते फिरवू देऊ नका. पैसे यूपीआयने घ्या. सामान रिक्षात चढवून झालं की तो विचारेल, "सर, तुमची गाणी कुठे ऐकायला मिळतील?" लिंक तयार ठेवा आणि रिक्षा वळायच्या आत पाठवा. ९६४ झाले आहेत, आणि वर्ष भरायला अजून अकरा दिवस आहेत.